निगेटिव्ह स्कॅन करायच्या आहेत? स्कॅनर घेण्याआधी डबा उघडा

"निगेटिव्हसाठी कोणता स्कॅनर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी त्यांनाच विचारते, डब्यात नेमकं काय आहे? बहुतेकांनी डबा वर्षानुवर्षं उघडलेला नसतो. आमच्याकडेही तेच होतं. माळ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात बाबांच्या ॲग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह होत्या, पुढे घेतलेल्या यशिका कॅमेऱ्याच्या रंगीत पट्ट्या होत्या आणि काकांच्या वीसेक स्लाइड होत्या. तिन्ही प्रकारांना एकच यंत्र चालेल असं धरून मी सुरुवात केली. शेवटी दोन हिवाळे गेले आणि तीन वेगवेगळ्या पद्धती वापराव्या लागल्या. त्या अनुभवातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी: मोजा, वेगळं करा, हुंगा

पांढरा कागद, फूटपट्टी आणि तीन-चार रिकामे खोके घेऊन बसा. पंखा बंद ठेवा, कारण पंख्यानं उडणारी धूळ थेट फिल्मवर बसते. निगेटिव्ह फक्त कडेला धरायची.

दोन्ही कडांना भोकांच्या रांगा असतील तर ती ३५ मिलिमीटरची फिल्म. तिची एक फ्रेम २४ × ३६ मिमी असते आणि लॅबवाल्यांनी ती सहसा चार-चार किंवा सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापलेली असते. भोकं नाहीत आणि रुंदी साधारण सहा सेंटीमीटर आहे, तर ती १२० नंबरची फिल्म. क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बारा चौकोनी फोटो यायचे. त्याला 'सहा बाय सहा' म्हणत असले तरी प्रत्यक्ष चित्र साधारण ५६ मिमीचं असतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या, १३ × १७ मिमीच्या फ्रेम दिसल्या तर ती ११० ची फिल्म, छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यांची. पाच सेंटीमीटरच्या चौकटीत बसवलेली आणि उजेडाकडे धरल्यावर सरळ रंग दाखवणारी ती स्लाइड.

रंग ओळखणं सोपं आहे. फिल्मचा पाया, म्हणजे चित्राखालचं प्लॅस्टिक, नारिंगी असेल तर रंगीत निगेटिव्ह. करडा किंवा स्वच्छ पारदर्शक असेल तर ब्लॅक अँड व्हाइट. ही विभागणी पुढे फार महत्त्वाची ठरते, कारण स्कॅनरची सगळ्यात उपयोगी सोय यातल्या एकाच गटावर चालते.

आता हुंगून पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटचा पाया कुजायला लागला आहे. असा गठ्ठा लगेच वेगळ्या खोक्यात ठेवा आणि सगळ्यात आधी तोच स्कॅन करा. अशी फिल्म आक्रसते, वाकते, आणि ते थांबवता येत नाही. १९५० च्या आधीची फिल्म असेल तर कडेवर इंग्रजीत 'सेफ्टी' छापलंय का ते बघा. तसं नसेल तर ती नायट्रेटची, म्हणजे चटकन पेटणाऱ्या जुन्या पायाची, असू शकते. नायट्रेट किती भयंकर पेटतं हे पुण्यानं २००३ च्या जानेवारीत पाहिलं, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा. घरच्या डब्यात ती सापडण्याची शक्यता कमी, पण शंका आली तर ती फिल्म दिव्यापासून आणि स्कॅनरच्या उष्णतेपासून दूर ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

बुरशीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. आपल्याकडच्या पावसाळ्यानं, त्यातही कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेनं, जवळजवळ प्रत्येक डब्यात बुरशी पोचवलेली असते. फिल्मवर झाडाच्या मुळांसारख्या बारीक फांद्या दिसतात. फिल्मचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं आणि बुरशी ते जिलेटिन खाते. तिनं पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. हे मला ठाऊक नव्हतं. आत्याच्या लग्नातली एक निगेटिव्ह मी ओल्या मऊ फडक्यानं पुसली आणि माझ्या डोळ्यांदेखत वधूवरांच्या चेहऱ्यांवरचा थर लिबलिबीत होऊन फडक्याला लागला. त्या फोटोची दुसरी प्रत कुणाकडेच नाही. म्हणून सांगते, बुरशी लागलेल्या फिल्मला पाण्याचा थेंबही लावू नका. आहे तशी स्कॅन करा, डाग नंतर संगणकावर काढता येतात. पुसायचीच असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, आणि तेही आधी फिल्मच्या रिकाम्या कडेवर थेंबभर लावून पाहून. तोंडाला मास्क लावा आणि बुरशीचा गठ्ठा चांगल्या गठ्ठ्यात परत मिसळू नका.

दुसरी पायरी: फोनवर सूची

सगळं काही उत्तम दर्जात स्कॅन करायची गरज नसते. छत्तीस फ्रेममधल्या सात-आठच खरंच मोलाच्या निघतात. त्या कोणत्या, हे निगेटिव्हकडे बघून कळत नाही. म्हणून आधी फोनवर एक कच्ची सूची करा.

टॅबलेटवर किंवा लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, प्रकाश पूर्ण वाढवा. त्यावर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा थोडा उंचावर ठेवा, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात. पट्टी त्यावर ठेवून फोनने फोटो घ्या आणि फोटो संपादनाच्या कुठल्याही ॲपमध्ये रंग उलटे करा. ओळख पटण्यापुरतं चित्र मिळतं. मी प्रत्येक पट्टीला पेन्सिलीनं कागदावर क्रमांक दिला आणि हे फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. कोण कुठे उभं आहे, कुणाचं बारसं आहे, हे पंचाहत्तरीच्या मावशीनं अर्ध्या तासात सांगितलं. ही माहिती कुठल्याही स्कॅनरमधून येत नाही, आणि ती सांगणारी माणसं आज आहेत. तेव्हा यंत्र विकत घेण्याच्या आधी हे काम करा.

तिसरी पायरी: डीपीआयचं गणित

जाहिरातीत ६४०० डीपीआय, ७२०० डीपीआय असे आकडे दिसतात. डीपीआय म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके वाचतं ते. पण ठिपके जास्त वाचले म्हणून बारकावे जास्त मिळतात असं नसतं. स्कॅनरची लेन्स, फोकस आणि मोटरचं हलणं यांतून प्रत्यक्षात किती सुटं दिसतं, हा खरा आकडा. काचेवर कोरलेल्या बारीक रेघांच्या चाचणीपट्टीवर तो मोजतात.

एप्सन व्ही६०० या फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, ६४०० लिहिलेलं असलं तरी अशा मोजणीत तो १६०० च्या आसपास थांबतो. त्याचा मोठा भाऊ व्ही८५० साधारण २३०० पर्यंत जातो. प्लसटेकचा ऑप्टिकफिल्म ८२००आय हा फक्त फिल्मसाठीचा स्कॅनर ७२०० म्हणतो आणि सव्वातीन हजारांच्या आसपास देतो. निकॉनचे जुने कूलस्कॅन ४००० म्हणत आणि जवळजवळ तेवढेच देत, म्हणून अजूनही लोक ते शोधत असतात.

आता तुम्हाला किती हवं ते बघू. भिंतीवर लावायला ८ × १२ इंची प्रिंट काढायची, तर ३०० डीपीआयनं २४०० × ३६०० पिक्सेल लागतात. ३५ मिमीची फ्रेम लांबीला १.४२ इंच. ३६०० ला १.४२ नं भागा, साधारण २५४० येतात. म्हणजे खरे अडीच हजार डीपीआय हवेत. व्ही६०० तेवढे देत नाही. त्याच्या खऱ्या १६०० मधून जेमतेम ५ × ७ इंचाची उत्तम प्रिंट निघेल.

तेच क्लिक थ्रीच्या निगेटिव्हचं बघा. ती २.२ इंच रुंद. खऱ्या १६०० डीपीआयनंही साडेतीन हजार पिक्सेल मिळतात, म्हणजे जवळपास १२ इंचाची चौकोनी प्रिंट. शिवाय त्या कॅमेऱ्याचं भिंग साधं होतं, त्यानं याहून फार बारीक काही टिपलेलंच नसतं. थोडक्यात, १२० च्या फिल्मसाठी मध्यम किमतीचा फ्लॅटबेड भरपूर झाला आणि ३५ मिमीसाठी तोच स्कॅनर तोकडा पडतो. डबा आधी उघडा म्हणते ते यासाठी.

ठिपके उगाच वाढवल्यानं नुकसानही होतं. ३५ मिमीची एक रंगीत फ्रेम ६४०० वर, प्रत्येक रंगाला १६ बिट ठेवून, स्कॅन केली तर फाइल तीनशे एमबीच्या वर जाते. ३२०० वर ती ऐंशीच्या आसपास राहते आणि व्ही६०० वर दोन्हींत दिसणारं चित्र सारखंच असतं. खात्री करायची असेल तर एकच निगेटिव्ह १६००, २४००, ३२०० आणि ६४०० वर स्कॅन करा, सगळ्या एकाच आकाराला मोठ्या करून शेजारी ठेवा. ज्या आकड्यानंतर नवं काहीच दिसत नाही, तो तुमच्या यंत्राचा आकडा. मी त्याच्या थोडं वर स्कॅन करते, तेवढं पुरतं.

चौथी पायरी: यंत्रांची ओळख

घरातला कागद स्कॅन करणारा प्रिंटर याला चालणार नाही, हे आधी सांगते. तो प्रकाश खालून टाकून परत येणारा उजेड वाचतो. निगेटिव्हमधून उजेड आरपार जायला हवा, म्हणजे झाकणातही दिवा हवा. फ्लॅटबेड घेताना झाकणात फिल्मसाठीचा दिवा आहे का, आणि तो किती रुंद आहे, हे विचारूनच घ्या. काही स्वस्त मॉडेलांत दिवा फक्त ३५ मिमीच्या पट्टीएवढा असतो, १२० ची फिल्म त्यात मावतच नाही.

छोट्या पडद्याचे डबीसारखे स्कॅनर, पट्टी सरकवली, बटण दाबलं की झालं, असे ऑनलाइन खूप विकले जातात. आत एक लहानसा कॅमेरा आणि एलईडी असतो. दोन सेकंदांत फ्रेम होते. पण बहुतेक फक्त जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, देतात, फ्रेमच्या कडा कापतात आणि निगेटिव्हचा गडद भाग त्यांना पेलत नाही. माझ्याकडे पहिला हाच आला. बाबांनी काढलेला एक फोटो आहे, आजी गावच्या घराच्या ओट्यावर सूप घेऊन गहू पाखडते आहे, सकाळचं ऊन थेट तोंडावर. या डबीत त्या ३५ मिमीच्या फ्रेमवर आजीचा चेहरा पांढरा सपाट डाग होऊन आला. मी मानलं की बाबांचाच फोटो जळका आला असेल. वर्षभरानं तीच फ्रेम कॅमेऱ्यानं पुन्हा टिपली, तेव्हा कपाळावरचं गोंदण दिसलं. तीन ठिपके आणि मधे बारीक चंद्रकोर. ते निगेटिव्हमध्ये सतत होतं, यंत्राला वाचता येत नव्हतं. चेहरा जितका उजळ तितकी निगेटिव्ह तिथे गडद, आणि स्वस्त सेन्सर नेमका तिथेच हात टेकतो. सूची करायला ही डबी चालेल, जपून ठेवायच्या प्रतीसाठी नको.

फक्त फिल्मसाठीचे स्कॅनर, म्हणजे प्लसटेकचे ऑप्टिकफिल्म किंवा त्यांच्यासारखे. ३५ मिमीसाठी घरगुती वापरात हा प्रामाणिक पर्याय आहे. टेबलावर कमी जागा लागते आणि बारकावे फ्लॅटबेडपेक्षा स्पष्ट जास्त येतात. मात्र ८१०० आणि ८२००आयमध्ये पट्टी होल्डरमध्ये बसवून प्रत्येक फ्रेमला हातानं पुढे ढकलावी लागते, आणि १२० ची फिल्म त्यांत जातच नाही. मॉडेलच्या नावातल्या 'आय'कडे लक्ष द्या. तो इन्फ्रारेडचा.

या इन्फ्रारेडबद्दल नीट समजून घ्या. रंगीत फिल्मचं चित्र रंगद्रव्यांचं असतं आणि इन्फ्रारेड किरण त्यांतून आरपार जातात. धूळ आणि ओरखडे मात्र ते अडवतात. त्यामुळे यंत्राला धुळीचा वेगळा नकाशा मिळतो आणि तेवढीच जागा ते दुरुस्त करतं. डिजिटल आइस म्हणतात ते हेच. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेड अडवते. मग यंत्राला आजीची सावली आणि धूळ यांत फरक कळत नाही, आणि चित्राचे लचके तोडल्यासारखा निकाल येतो. ब्लॅक अँड व्हाइटला ही सोय बंदच ठेवा. कोडाक्रोम स्लाइडवरही ती भरवशाची नाही. इल्फर्डच्या एक्सपी२ सारख्या काही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रंगीत फिल्मच्या सी-४१ पद्धतीनं धुतल्या जातात, त्यांना ती चालते.

निकॉन कूलस्कॅन आज नवा मिळत नाही. कूलस्कॅन ५ आणि ५००० हे ३५ मिमीचे, ९००० मध्ये १२० ची फिल्मही जाते. जुना विकत घेताना दर्जापेक्षा जोडणीची चौकशी जास्त करा. ९००० ला फायरवायर लागतं, त्याआधीच्या काहींना स्कझी; या दोन्ही जुन्या जोडण्या. निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर नव्या संगणकांसाठी नाही, व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट घ्यावं लागतं. सुटे भाग मिळणं कठीण. समोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

ड्रम स्कॅनर आणि हॅसलब्लाडचे फ्लेक्सटाइट ही छापखान्यांची आणि कलादालनांची यंत्रं. ड्रमवर फिल्म तेलानं चिकटवून फिरवतात. एखाद्या अमूल्य निगेटिव्हची भिंतभर प्रिंट करायची असेल तर तेवढी एक बाहेरून करून घ्या.

उरला डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, लेन्स. माझं बहुतेक काम शेवटी याच मार्गानं झालं. चोवीस मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम (३५ मिमीच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यानं ३५ मिमीची फ्रेम पूर्ण भरून घेतली की ६००० × ४००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ठिपके चार हजार डीपीआयच्या वर. लेन्स चांगली असेल तर बारकावेही जवळपास तितके. वेगही मोठा. सवय झाल्यावर छत्तीस फ्रेमचा रोल मी पाव तासात उरकते, तोच व्ही६०० वर अख्खी संध्याकाळ घेतो. यात इन्फ्रारेड नाही, धूळ हातानं काढावी लागते. ब्लॅक अँड व्हाइटला ती सोय तशीही नसते, त्यामुळे त्या फिल्मसाठी काहीच गमावत नाही.

माझा सल्ला विचाराल तर: डब्यात मुख्यतः १२० ची फिल्म असेल तर व्ही६०० च्या दर्जाचा फ्लॅटबेड. फक्त ३५ मिमीच्या रंगीत पट्ट्या असतील आणि घरात चांगला कॅमेरा नसेल तर इन्फ्रारेड असलेला फिल्म स्कॅनर. कॅमेरा आधीपासून असेल तर स्कॅनर घेऊ नका, मॅक्रो लेन्स आणि होल्डर घ्या. शंभराच्या आत निगेटिव्ह असतील तर काहीच न घेता लॅबमध्ये द्या.

फ्लॅटबेडवर काम करताना

झाकणाच्या आतली पांढरी चटई काढा. ती काढल्याशिवाय वरचा दिवा झाकलेलाच राहतो, आणि यंत्र बिघडलं म्हणून परत पाठवणारे मी पाहिले आहेत. काच मायक्रोफायबरनं पुसा. फिल्मवरची धूळ हवेच्या रबरी फुग्यानं उडवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंब कायमचा डाग ठेवतो.

फिल्म होल्डरमध्ये चकचकीत बाजू खाली ठेवून बसवा. मंद दिसणारी बाजू चित्राच्या थराची, ती वर. वाकलेली फिल्म काचेला टेकली तर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वर्तुळं दिसतात, त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. अशी फिल्म आठवडाभर स्वच्छ कागदात, जड पुस्तकांखाली सपाट करा. आम्ही ज्ञानकोशाचे खंड ठेवले होते.

सॉफ्टवेअरमध्ये साधी, आपोआप चालणारी पद्धत सोडून व्यावसायिक पद्धत निवडा. रंगीतसाठी ४८ बिट (तीन रंगांना प्रत्येकी १६), ब्लॅक अँड व्हाइटसाठी १६ बिट ग्रे. १२० ची फिल्म २४०० वर, ३५ मिमीची ३२०० वर. धार वाढवणारी सोय बंद. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, उघडा आणि दोन्ही टोकांचे खुंटे आलेखाच्या थोडे बाहेर ठेवा. चित्र फिकट, निर्जीव दिसेल. तसंच दिसू द्या, काळं-पांढरं नंतर वाढवता येतं, पण इथे कापलं गेलेलं परत येत नाही. फाइल टिफमध्ये, त्यात दाबताना काही गमावलं जात नाही.

कॅमेऱ्यानं टिपताना

कॅमेरा खाली बघणारा हवा आणि हलता कामा नये. कॉपी स्टँड उत्तम. माझा स्टँड म्हणजे बंद झालेल्या एका स्टुडिओतल्या एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राचा, लोखंडी खांब. तालुक्याच्या गावी जुन्या फोटोवाल्यांकडे विचारा, असे खांब अडगळीत पडलेले असतात. खाली सपाट एलईडी पॅनेल. त्याचा रंगदर्शक आकडा, म्हणजे सीआरआय, ९५ किंवा जास्त असावा, नाहीतर रंगीत निगेटिव्हमध्ये कातडीचे रंग कधीच जुळत नाहीत. फिल्म सपाट धरायला होल्डर घ्या. लोमोग्राफी, व्हॅलॉय, निगेटिव्ह सप्लाय अशा नावांचे मिळतात. निकॉनचं ईएस-२ हे लेन्सलाच बसतं, मग स्टँडही लागत नाही, पण ते ठरावीक लेन्सवरच नीट काम करतं.

कॅमेरा आणि फिल्म समांतर करायला एक सोपी युक्ती आहे. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं की समांतर झालं. हे केलं नाही तर एक कोपरा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो.

खोलीत अंधार करा. फ्रेमभोवतीचा मोकळा उजेड काळ्या कार्डबोर्डनं झाका, आणि शक्यतो गडद कपडे घालून बसा, पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब फिल्मच्या चकाकीत उतरतं. आयएसओ १००, छिद्र एफ ८, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल, दोन सेकंदांचा टायमर. फोकस हातानं. पडद्यावर चित्र पूर्ण मोठं करा आणि चेहऱ्यावर न जुळवता फिल्मच्या कणांवर जुळवा. मूळ फोटोच हलका धूसर असेल तर चेहऱ्यावर फोकस कधीच सापडत नाही, कण मात्र नेहमी सापडतात. उघडकाल, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, असा ठेवा की हिस्टोग्राम उजवीकडे झुकेल पण टोकाला आदळणार नाही. एका रोलसाठी एकदा ठरवलेला उघडकाल आणि व्हाइट बॅलन्स बदलू नका. फ्रेमशेजारची रिकामी नारिंगी कड थोडी चित्रात राहू द्या, रंग उलटवताना सॉफ्टवेअरला तीच खूण लागते.

उलटवण्यासाठी लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर निगेटिव्ह लॅब प्रो हे विकतचं जोड-सॉफ्टवेअर झटपट छान रंग देतं. फुकटात डार्कटेबलमधलं निगाडॉक्टर आहे. शिकायला दोन-चार दिवस लागतात, पण मी आता तेच वापरते. आधी त्याच नारिंगी कडेवरून पायाचा रंग उचलायचा, मग सावल्या, मग उजळ भाग. ब्लॅक अँड व्हाइटला एवढंही लागत नाही, वक्ररेषा उलटी केली की झालं. चित्राचा थर कॅमेऱ्याकडे ठेवून टिपलं असेल तर फोटो आरशासारखा उलटा येतो, तो आडवा पलटवायला विसरू नका. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं, लुगड्याचा पदर कुठल्या खांद्यावर आहे, यावरून चटकन कळतं.

लॅबमध्ये देताना

फूजी फ्रंटियर किंवा नोरित्सूचे स्कॅनर असलेल्या लॅब अजून मोठ्या शहरांत आहेत, आणि ३५ मिमीच्या रंगीत फिल्मचं त्यांचं काम फार सुंदर असतं. मात्र आधी एकच रोल द्या. मी सगळा गठ्ठा एकदम दिला होता. परत आला तेव्हा सहाच्या काही पट्ट्या मधोमध कापलेल्या होत्या, आणि कात्री एका फ्रेमच्या आतून गेली होती. देतानाच विचारा: पट्टी कापणार का? टिफ देणार की फक्त जेपेग? किती पिक्सेल? अंधारलेल्या फ्रेमही करणार की 'खराब' म्हणून सोडणार? उत्तरं बिलावर लिहून घ्या. पट्ट्या मोजून द्या आणि मोजून घ्या.

फाइलींना नावं, निगेटिव्हना घर

नाव असं ठेवा की वर्ष पुढे राहील: १९७८, मग गाव, मग रोल, मग फ्रेम. वर्ष नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहा, खोटा नेमकेपणा नको. मावशीनं सांगितलेली नावं फाइलच्या माहितीच्या रकान्यातच भरा, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी माणसं सोबत राहतात. मूळ टिफ किंवा रॉ फाइलला हात लावायचा नाही, सगळी डागडुजी प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यांतली एक घराबाहेर. आमची एक हार्ड डिस्क धाकट्या भावाकडे नाशिकला असते.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकू नका. दहा वर्षांनी याहून चांगला सेन्सर येईल आणि तुम्हाला तीच फ्रेम पुन्हा टिपावीशी वाटेल. पॉलिप्रॉपिलीनच्या पानांत किंवा आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ठेवा. पीव्हीसीची पिशवी नको, काही वर्षांत ती फिल्मला चिकटते. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. नवे रोल स्कॅन करायला दिवाळीनंतरचे दिवस निवडा, हवा कोरडी असते आणि मार्चची धूळ अजून सुरू झालेली नसते.

वर्षातून एकदा सगळ्या डिस्क जोडून दहा-वीस फाइली उघडून बघायच्या. दिवस ठरवला नाही तर हे राहून जातं. आम्ही खंडेनवमी ठरवली आहे. त्या दिवशी बाबांचा क्लिक थ्री, माझा कॅमेरा आणि एन्लार्जरचा खांब पाटावर येतो, हळदकुंकू लागतं, आणि मग मी डिस्क लावून आजीच्या ओट्यावरच्या फोटोपासून तपासायला सुरुवात करते.